आम्हाला तीन किलोमीटर पुरत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या तालुक्याला झालेल्या मॅरेथॉनची बातमी आली. फोटो मोठा होता, झेंडी दाखवणारे पाहुणे, टी-शर्ट घातलेली पोरं, सगळं छान. बातमीच्या शेवटी एक ओळ होती, पुरुष गट १० किलोमीटर, महिला गट ३ किलोमीटर. ह्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहून राहिली आहे. मी स्वतः त्या ३ किलोमीटरात पळाली, त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही.

आधी माझं थोडं सांगते. वय ४३, गाव दारव्हा तालुक्यात, चार एकर कोरडवाहू आहे त्यात पऱ्हाटी आणि तूर, आणि मी घरी मशीन चालवते, ब्लाउज, फॉल-पिको, शाळा उघडायच्या टायमाला युनिफॉर्म. पळण्याचा आणि माझा संबंध आला तो मुलीमुळे. चार वर्षांआधी तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं, आणि ग्राउंड मारायचं म्हणजे पहाटे साडेचारला उठणं आलं. गावातली सात-आठ पोरं शाळेच्या मैदानावर पळतात पण पोरीला अंधारात एकटीला पाठवायचं कसं, म्हणून तिच्यासोबत मी जायला लागली. पहिला महिना नुसती शाल गुंडाळून पायरीवर बसायची आणि मोबाइलवर तिचा टाइम लावायची. थंडीनं हातपाय आखडायचे म्हणून मग चालायला लागली, आणि चालता चालता एक दिवस तिच्या मागं एक राउंड पळाली, साडीवरच. छातीचा भाता झाला. पण थांबल्यावर जे वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. लग्नाआधी शाळेत लंगडी, खो-खो खेळायची, त्यानंतर वीस वर्षांत मी पळालीच नव्हती, एसटी पकडायलासुद्धा नाही.

पोरगी दुसऱ्या वेळच्या भरतीत लागली, आता ट्रेनिंगला आहे. ती गेल्यावर मला वाटलं आता आपलं पहाटेचं उठणं बंद होईल, पण डोळा साडेचारलाच उघडायचा. मग मी कॅनॉलच्या रस्त्यानं पळायला लागली. पाच झाले, दहा झाले, नागपूरला भाच्यासोबत जाऊन २१ केले, दीड वर्षाआधी हैदराबादला ४२ केले आणि गेल्या डिसेंबरात एका शहरात १२ तासांच्या शर्यतीत ७४ किलोमीटर. ही १२ तासांची शर्यत बऱ्याच लोकांना माहीत नसते म्हणून सांगते. आमची ४०० मीटरच्या ट्रॅकवर होती, नंबरासोबत चिप लावून देतात, प्रत्येक राउंडला पट्टीवरून पाय गेला की राउंड मोजला जातो, काही तासांनी दिशा उलटी करतात म्हणजे एकाच बाजूच्या गुडघ्यावर लोड येत नाही. पळा, चाला, बसा, खा, सगळं चालतं, १२ तास संपले तेव्हा ज्याचं अंतर जास्त तो पुढे. माझे १८५ राउंड झाले. मी पहिली-दुसरी काही आली नाही, पण शेवटच्या तासात माझ्या पुढे चालणाऱ्यांत दोन पंचविशीतली पोरं होती आणि मी पळत होती.

४२ किलोमीटर म्हणजे किती हे आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर दारव्ह्याहून निघून यवतमाळ गाठायचं, एसटीनं तासभर लागते तेवढं. बरोबर आकडा ४२.१९५. सराव करताना मी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळाच्या बाजूबाजूनं जायची, झाडोरा माजला आहे पण अंतर सरळ भेटतं आणि गाड्यांची भीती नाही. रोही म्हणजे नीलगाय आडवी येते, रानडुकरं येतात, म्हणून उजाडल्याशिवाय तिकडे पाय टाकायचा नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला. उन्हाळ्यात एप्रिलपासून लांबचं पळणं बंदच, आमच्याकडे पारा ४५-४६ ला जातो, सकाळी सातलाच ऊन चटके देते. पावसाळ्यात पांदण रस्त्याला काळी माती बुटाला एवढी चिकटते की पाय उचलत नाही, तेव्हा डांबरी रोडच्या कडेनं.

आता एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम लिहिते कारण ही कोणत्या पुस्तकात सापडत नाही. पहिल्यांदा ३० किलोमीटर पळाली तेव्हा मी बुटात जोडवे घालूनच होती, काढायचा विचारही आला नाही. लांब पळताना पाय सुजतो हे मला माहीतच नव्हतं. पंचविसाव्या किलोमीटरला बोटात सुई घातल्यासारखं होत होतं, घरी येऊन मोजा काढला तर दोन्ही पायांची बोटं काळी-निळी, जोडवं मांसात रुतलेलं, मोज्याला रक्त. सासूबाई दारातच बसल्या होत्या, त्यांनी पाय मांडीवर घेऊन पाहिला. मला वाटलं आता बोलणं ऐकावं लागते. त्या म्हणाल्या, "काढ व ते जोडवे, डब्यात ठेवून दे, घरी आली का घालत जाय." साबण लावून त्यांनीच काढले आणि खोबरेल तेल चोळलं. गावातल्या बायांनी मला लय काही म्हटलं, काहून पळतं, काय भेटते तुले, ह्या वयात शोभते काय, पण ह्या सत्तर वर्षांच्या बाईनं तेव्हापासून एक शब्द बोलला नाही, उलट रविवारी मी लांब जाणार असली की शनिवारी रात्री गूळ-शेंगदाणे कुटून ठेवते. मी सलवारीला आतून दोन खिसे शिवले आहेत, एकात गूळ-दाण्याचे लाडू, दुसऱ्यात मिठाची पुडी. शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरपर्यंत पुरते, मधे मधे खाल्लं नाही तर त्यानंतर पाय शिशासारखे होतात, त्यामुळे दर पाऊण तासाला एक लाडू, भूक लागो न लागो.

मिठाची पुडी मी हैदराबादनंतर ठेवायला लागली. तिथे ऊन आणि घाम बघून मी प्रत्येक टेबलावर साधं पाणी पीत गेली, दोन दोन गिलास. पस्तिसाव्या किलोमीटरला हाताची बोटं फुगली, काचेच्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, डोकं जड आणि मळमळ. वैद्यकीय टेबलावरच्या डॉक्टर ताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या आता साधं पाणी बंद, त्यांनी खारं काहीतरी चघळायला दिलं आणि दहा मिनिटं बसवलं. जास्त साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होते आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच, कधी कधी त्यापेक्षा धोक्याचं असते हे मला तेव्हा कळलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. हे मी एवढं लिहून राहिली कारण आपल्याकडच्या शर्यतीत पाणीच नसते, मिठाचं तर दूरच, आणि भरतीची पोरं उपाशीपोटी पळतात.

आता त्या दिवसाचं. मी फॉर्म भरायला गेली तेव्हा १० किलोमीटरला नाव घ्या म्हटलं. टेबलावरचा पोरगा चांगला होता, तो म्हणाला, ताई, महिलांचं तीनच आहे, कोणाला काही झालं तर जबाबदारी कोण घेईल. मी त्याला ४२ चं मेडल मोबाइलवर दाखवलं. त्यानं वर विचारलं, वरून उत्तर आलं की पळायचं असेल तर पळू द्या पण नंबर भेटणार नाही आणि टाइम लिहिणार नाही. मग मी ३ लाच उभी राहिली, कारण माझ्यासोबत गावातल्या चार पोरी होत्या आणि त्यांना सोडून जाणं मला पटलं नाही. पळालो. माझ्या घड्याळात शेवटच्या कमानीखाली २ किलोमीटर ४०० मीटर आले. म्हणजे तीनसुद्धा पूर्ण दिले नाहीत. सगळ्यात आधी आलेली पोरगी दहावीतली होती, कॅनव्हासचे बूट, केसाला शाळेची लाल रिबीन, तिला घामसुद्धा फुटला नव्हता. मी पोचली तर ती कमानीपाशी इकडे तिकडे पाहत उभी होती, मला म्हणाली, "काकू, संपलं?"

साहेब, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्या पोरीला आपण अडीच किलोमीटरसुद्धा पळू दिलं नाही आणि गळ्यात मेडल घातलं.

नंतर १० किलोमीटरची पोरं यायला लागली. रस्त्यात पाण्याचं एकही टेबल नव्हतं, जे होतं ते स्टेजजवळ. एक पोरगा आला आणि सरळ रस्त्यावर आडवा झाला, उलट्या करत होता, त्याच्या मित्रांनी उचलून सावलीत नेला, १०८ ला कोणाला तरी फोन करावा लागला, गाडी आधीपासून उभी करायला पाहिजे होती. म्हणजे जबाबदारी कोण घेईल हा प्रश्न बायांसाठी विचारला गेला आणि पोरांसाठी कोणी विचारलाच नाही.

बायांना लांब झेपत नाही ही गोष्ट आपल्या तालुक्यानं शोधलेली नाही. १९२८ ला ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा ठेवली, जर्मनीची लिना राडके २ मिनिट १६.८ सेकंदात जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, तर त्या वेळच्या पेपरवाल्यांनी बाया धडाधड कोसळल्या म्हणून वाढवून लिहिलं, आणि त्यानंतर बायकांची ८०० मीटर ऑलिम्पिकमधून काढून टाकली ती १९६० पर्यंत. बत्तीस वर्षं. तुम्ही पेपर चालवता म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगते, पेपरातल्या ओळीचा असा परिणाम होतो. माझी पोरगी भरतीला जे पळाली तेही ८०० मीटरच, पोरांना १६००.

१९६७ ला बोस्टनला कॅथरिन स्विट्झर नावाची २० वर्षांची पोरगी २६१ नंबर लावून पळत होती तेव्हा आयोजकांपैकी एक जण चालू शर्यतीत तिचा नंबर ओढून काढायला धावला. ती थांबली नाही, पूर्ण केली. बोस्टनला बायांना रीतसर पळू दिलं १९७२ ला. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स म्हणून ९० किलोमीटरच्या आसपासची शर्यत आहे, १९२१ पासून चालू आहे, तिथे बायकांना १९७५ ला रीतसर घेतलं. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं, अमेरिकेची जोन बेनॉइट २ तास २४ मिनिट ५२ सेकंदात आली. आणि २०१७ पासून जागतिक क्रॉस कंट्रीत, म्हणजे माती-गवतातून पळायच्या शर्यतीत, मोठ्या गटाला बाई असो की बाप्या, दोघांनाही १० किलोमीटर. सारखं. हे जगातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत झालं आणि आमच्या तालुक्यात अजून तीन-दहा चालू आहे.

जास्मिन पॅरिस नावाची ब्रिटनमधली जनावरांची डॉक्टर आहे. जानेवारी २०१९ ला तिथली स्पाइन रेस, ४३० किलोमीटरची, बर्फ-चिखल-डोंगर, ती ८३ तासांत जिंकली, म्हणजे बायकांत पहिली नाही, सगळ्यांत पहिली, पुरुष मागे. तेव्हा तिची पोरगी १४ महिन्यांची होती आणि मधल्या थांब्यांवर ती बाळासाठी दूध काढून ठेवत होती. मी हे वाचलं तेव्हा मशीनवर बसली होती, पाय पायडलवर तसाच राहिला.

आणि लांब कुठे जायचं, दिवाळीनंतर आमच्या वावरात या. बाया सकाळी आठला घरचं सगळं करून तीन-चार किलोमीटर चालत वावरात पोचतात, कमरेला ओटी बांधून संध्याकाळपर्यंत वाकून कापूस वेचतात, तीस-चाळीस किलोचा भार डोक्यावर धुऱ्यापर्यंत आणतात, मग परत चालत घरी, मग चूल. असं रोज, दोन अडीच महिने. ह्या बाईला तीन किलोमीटरच्या वर झेपणार नाही हे कोणी ठरवलं, आणि ठरवणाऱ्यानं एक दिवस तरी कपाशीची ओळ धरली का. लांबच्या शर्यतीत लागतो तो धीर, एका चालीनं जात राहणं, आणि मोठ्या मॅरेथॉनच्या टायमिंगवरून हेही दिसलं आहे की दुसऱ्या अर्ध्यात पुरुष जास्त मंदावतात, बाया आपली चाल जास्त सांभाळतात. वेगात पुरुष पुढे आहेत, ते मी नाकारत नाही, म्हणून तर बक्षीस वेगळं ठेवायचं. अंतर वेगळं ठेवायचं कारण नाही.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या हिवाळ्यात तालुक्याला जी कोणी शर्यत घेईल त्यांनी १० किलोमीटर सगळ्यांना खुलं ठेवावं, जमलं तर २१ सुद्धा ठेवावं आणि त्याला साडेतीन तासांचा टाइम द्यावा म्हणजे पहिल्यांदा येणारी बाई चालत-पळत पूर्ण करेल. ३ किलोमीटर ठेवा, जरूर ठेवा, पण बाई म्हणून नाही, ज्याला छोटं पळायचं त्याच्यासाठी, बाप्यांसाठीपण. दर दोन-अडीच किलोमीटरला पाणी आणि एका टेबलावर ओआरएस, एक पाकीट एक लिटर पाण्यात, ते काही महाग नाही, आणि संत्र्याच्या फोडी ठेवल्या तर आपल्याकडे हिवाळ्यात त्याची काय कमी. १०८ ची गाडी आधीपासून उभी. रस्त्यावरच्या जिल्हा परिषद शाळांचे संडास त्या दिवशी उघडे ठेवावे, बायांसाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि कोणी बोलत नाही, मी स्वतः नागपूरला पंधरा किलोमीटर पाणी न पिता पळाली आहे फक्त ह्या एका कारणासाठी. फी शंभर-दोनशे. शहरातल्या शर्यतीची फी हजाराच्या वर जाते, वर जाणं-येणं आणि एक रात्र, म्हणजे आमच्या घरात एका क्विंटल कापसाच्या पैशात हात घालावा लागते. डीजे नसला तरी चालते.

आणि अंतर मोजा. मोटारसायकलच्या मीटरवर जाऊ नका. जगभर रस्त्यावरच्या शर्यती सायकलनं मोजतात, आधी स्टीलच्या टेपनं तीन-चारशे मीटर मोजून त्यावर सायकल चालवून चाकाचा हिशोब पक्का करतात, मग पूर्ण रस्ता, आणि अंतर चुकून कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जास्त धरतात. मॅरेथॉनला ४२ मीटर जास्त पडतात ते ह्यामुळे. ह्याला ना इंजिनिअर लागत ना पैसा.

तुम्हाला एक विनंती. ज्या शर्यतीत ३ किलोमीटर आहे तिला बातमीत मॅरेथॉन लिहू नका, धावण्याची स्पर्धा लिहा. आणि बायकांच्या गटाचा निकाल टायमासकट छापा. त्या दहावीच्या पोरीचं नाव बातमीत होतं पण वेळ नव्हती, तिला पुढच्या वर्षी स्वतःला मागे टाकायचं असेल तर ती कशावरून टाकणार.

आम्ही वाट पाहत बसलो नाही. शर्यतीनंतरच्या रविवारी माझ्या पोरीची जुनी सायकल काढली, पुढच्या चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधली, शाळेच्या मैदानावर टेपनं मोजून घेतलं तर एका फेऱ्याला २ मीटर ७ सेंटीमीटर भरले. मग शाळेच्या गेटपासून कॅनॉलच्या रस्त्यानं हातानं सायकल ढकलत दोघी जणी चिंधी मोजत गेलो, दर शंभर फेऱ्यांना एक खडा ओटीत. दर किलोमीटरचा तो जास्तीचा मीटर धरून चोवीस खडे आणि वर अठरा फेरे झाले तिथे ५ किलोमीटर पूर्ण, जाऊन येऊन १०. दर किलोमीटरला दगडावर चुन्याची खूण केली आहे, शेवटची खूण पुलाच्या कठड्यावर आहे. सध्या सहा जणी येतो, लाल रिबीनवाली पोरगीपण येते, तिच्या बापाची सायकल असते मागून. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार, सहाला गेटवर.

नाव छापू नये, गाव लहान आहे.

एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ